झोपेलाही तिचा मान – गीता, अध्याय ६, श्लोक १६ व १७

॥ श्रीहरि ॥



गेले काही दिवस आपण सहाव्या अध्यायात आहोत. ध्यानाला जागा कशी असावी, आसन कसं असावं, मान-पाठ कशी ठेवावी, हे आपण बघितलं. एवढी सगळी तयारी झाल्यावर आता भगवंत काहीतरी फार गूढ सांगतील असं वाटतं. आणि ते सांगतात काय, तर जेवण आणि झोप! सोळाव्या श्लोकात चार माणसं योगाच्या दारातून परत पाठवली आहेत: अति खाणारा, मुळीच न खाणारा, अति झोपणारा आणि सतत जागणारा. सतराव्या श्लोकात मग आहार, विहार, कर्मातली खटपट, झोप आणि जागेपण या सगळ्यांना एकच शब्द लावला आहे. तो शब्द म्हणजे ‘युक्त’.

मंडळी, आज सुरुवातीलाच एक कबुली देतो. या श्लोकावर मी आजवर चार-पाच वेळा तरी बोललो असेन. आमच्या सोसायटीच्या पारायणात बोललो, गावच्या सप्ताहात बोललो. आणि प्रत्येक वेळी सोळाव्या श्लोकातला ‘अति झोपणारा’ तेवढा उचलायचो आणि समोरच्या तरुण पोरांना झोडपायचो. ‘सतत जागणारा’ हाही त्याच ओळीत, त्याच्याच शेजारी उभा आहे, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. कारण तो मी होतो.

सांगतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. घरात नाना म्हणजे माझे वडील, आई, मी आणि धाकटा भाऊ. नाना पहाटे साडेचारला उठायचे आणि घरातलं सगळ्यांचं उठणं त्यांच्या खोकण्यावर चालायचं. मला मात्र त्यांच्या खोकण्याचीही गरज पडायची नाही. मी अठरा-वीस वर्षांचा असताना रात्री अकराला पडायचो आणि चारला टक्क जागा व्हायचो. उठून विहिरीवर जायचं, दोन मैल पळून यायचं, धार काढायची, मग कॉलेजची एसटी. संध्याकाळी तालीम, रात्री भजन. दिवसभरात डोळ्यावर पेंग म्हणून नाही. अंगात नुसती रग असायची, कुठे घालवावी कळायचं नाही. गावात लोक म्हणायचे, “नानांचा थोरला म्हणजे वाघ आहे.”

धाकटा माझ्याहून तीन वर्षांनी लहान. त्याला नऊ तास झोप लागायची. लागायची म्हणजे लागायचीच. साडेचारला उठवलं तर भिंतीला टेकून पुन्हा झोपायचा. तोंडावर पाणी मारलं तर डोळे उघडायचे, पण माणूस आत नसायचा. त्याचं घरातलं नाव काय पडलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. कुंभकर्ण. नाना म्हणायचे, मी म्हणायचो, पाहुणेसुद्धा म्हणायचे. “दादाकडं बघ जरा,” हे वाक्य त्याने किती वेळा ऐकलं असेल, त्याचा हिशेब नाही.

एक गोष्ट इथे नीट सांगितली पाहिजे. तो आळशी नव्हता. उठल्यावर जे काम हाती घेईल ते चोख करायचा. पुढे त्याने मोटर भरायचा धंदा सुरू केला आणि आज आसपासच्या गावांतून विहिरीच्या जळालेल्या मोटरी त्याच्याकडेच येतात. एकदा त्याने भरलेली मोटर सहसा परत येत नाही. पण आज पन्नाशी उलटल्यावरही दुपारी तो वर्कशॉपच्या मागच्या खोलीत जरा आडवा झालेला असला आणि दारात कुणाची चाहूल लागली, तर ताडकन उठून बसतो. आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणतो, “झोपलो नव्हतो, नुसता पडलो होतो.”

हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलो. हसतही आलो. गेल्या वर्षी मात्र ते माझ्या घशात अडकलं. त्याला कारण माझा मुलगा.

मुलगा वीस वर्षांचा. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. अंगात वारं भरल्यासारखा. सकाळी साडेसातचं लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी क्रिकेट, आणि पावसाळा लागला की ढोल-ताशा पथकाचा सराव. घरी आल्यावर जेवण, मग मित्र, मग अभ्यास किंवा मोबाइल, देवच जाणे. झोपायला दीड-दोन. सकाळी साडेसहाला पुन्हा उभा. आणि चेहऱ्यावर थकवा म्हणून नाही! त्याची आई काळजी करायची. मी म्हणायचो, “अगं, राहू दे. वय आहे ते. अगदी माझ्यावर गेलाय.” हे त्याच्यासमोर म्हणायचो. कौतुकाने म्हणायचो. त्यालाही ते आवडायचं.

गेल्या श्रावणात एका सकाळी कॉलेजला जाताना त्याची गाडी दुभाजकाला धडकली. रस्ता सरळ, समोर कुणी नाही, पाऊसही नव्हता. हेल्मेट होतं म्हणून गळ्याजवळचं हाड मोडण्यावर निभावलं. पांडुरंगाची कृपा, दुसरं काय म्हणू?

डॉक्टरांनी त्याला विचारलं, “नेमकं काय झालं?”

तो म्हणाला, “कळलंच नाही. एकदम समोर डिव्हायडर आला.”

“रात्री किती झोपतोस?”

“साडेचार-पाच तास. मला तेवढी पुरते.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “बाबांनाही तेवढीच पुरते.”

त्या वेदनेतही त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता, मंडळी. तो ऐकून माझी मान खाली गेली.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, “बरं. आणि रविवारी किती वाजता उठतोस?”

“रविवारी... साडेबारा. एक.”

“मग पुरत नाही,” डॉक्टर म्हणाले आणि लिहायला लागले.

एवढंच. पण त्या तीन शब्दांनी माझ्या चार-पाच प्रवचनांचा निकाल लावला.

त्यानंतर मी या विषयावर जरा वाचलं. माझं काही ते क्षेत्र नाही, पण जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात अठरा ते पंचवीस वयाचं कुणीतरी असणार.

या वयाच्या मुलांना साधारण सात ते नऊ तास झोप लागते, असं झोपेचा अभ्यास करणारे सांगतात. म्हणजे माझा धाकटा भाऊ नऊ तास झोपायचा, तो या मापातच बसत होता! दुसरी गोष्ट, वयात आल्यापासून ते साधारण विशीपर्यंत शरीराचं घड्याळ पुढे सरकत जातं. रात्री लवकर झोप येत नाही, सकाळी लवकर जाग येत नाही. विशीनंतर ते हळूहळू पुन्हा मागे येऊ लागतं. हे घड्याळ नुसती बोलण्याची रीत नाही. ते पेशीपेशीत कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हा रात्री अकराला तरतरीत असणारं पोर मुद्दाम आपल्याला छळत नसतं. त्याच्या अंगात तेव्हा तशीच वेळ झालेली असते. आणि कॉलेज भरतं साडेसातला. मधल्या मधे कापली जाते ती झोप.

आता माझ्यासारख्यांचं काय? तर कमी झोप पुरणारी माणसं खरोखरच असतात, पण थोडी. २००९ मध्ये अमेरिकेत यिंग-हुई फू या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने अशा एका मायलेकींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघींना सुमारे सव्वासहा तास झोप पुरायची आणि दोघींच्या एका जनुकात सारखाच बदल सापडला. म्हणजे तो त्यांचा अभ्यास नव्हता, निग्रह नव्हता. जसे कुणाचे डोळे घारे असतात, तसं ते होतं.

माझ्या रक्तात काय आहे ते मी तपासलेलं नाही. पण एवढं आठवतं की मी आयुष्यात गजर कधी लावला नाही. सुट्टीच्या दिवशीही मला चारलाच जाग यायची. म्हणजे मी झोप जिंकली होती असं नाही, मंडळी. ती मुळात माझ्याशी लढायला आलीच नव्हती! आणि न झालेल्या लढाईचा विजय मी तीस वर्षं मिरवत होतो.

मुलाची गोष्ट वेगळी होती. त्याची झोप कमी नव्हती, थकलेली होती. थकबाकी म्हणतो ना आपण, तशी. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेत ते निवळतं. चहा-कॉफीने ते जात नाही. फक्त त्याची जाणीव काही काळ दबते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही निरोगी तरुण माणसांना चौदा दिवस रोज फक्त सहा तास झोपू दिलं, काहींना चार तास. त्यांची सावधपणाची परीक्षा रोज घेतली. ती दिवसेंदिवस घसरत गेली, शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी. पण त्यांना स्वतःला काय वाटत होतं? थोडीशी पेंग येते, बाकी ठीक आहे.

हे वाचलं आणि मुलाचं “मला तेवढी पुरते” कानात वाजलं. तो खोटं बोलत नव्हता. ज्या मेंदूने मोजायचं, तोच थकलेला होता. तराजूच बिघडला तर वजन बरोबर कसं येणार? आणि तरुण वयातली रग अशी असते की ती हा बिघाड झाकून टाकते. मित्र, ढोल, मैदान, सगळीकडे अंग उसळत असतं. मग सकाळी एकटं, सरळ रस्त्यावर, काही घडत नसताना दोन सेकंद डोळे मिटतात.

आता परत ग्रंथाकडे येऊ.

भगवंत हे कुणाला सांगत आहेत, ते बघा. अर्जुनाला. आणि गीतेत अर्जुनाला ‘गुडाकेश’ म्हटलं आहे. परंपरेने त्याचा अर्थ सांगितला जातो, निद्रा जिंकलेला. महाभारतात त्याच्या लहानपणची गोष्ट आहे. जेवताना वाऱ्याने दिवा विझला, तरी हात बरोबर तोंडाशी गेला. त्यावरून त्याने ओळखलं की सराव असेल तर अंधारातही काम होतं, आणि तो रात्री धनुर्विद्येचा सराव करू लागला. म्हणजे रात्रीचा उत्साह, अंगातली रग, कमी झोप, हे सगळं अर्जुनाजवळ होतं. ग्रंथ त्याला नावं ठेवत नाही. पण त्याच निद्रा जिंकलेल्या माणसाला भगवंत सांगतात की नुसतं जागणाऱ्याला योग नाही. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर आपण म्हटलं असतं, त्याला जमत नाही म्हणून सूट दिली. इथे ज्याला जमतं त्यालाच सांगितलं आहे.

आणि महाभारतात जागणारे आणखी आहेत. धृतराष्ट्र जागतो. विदुरनीती जन्माला आली ती त्या रात्रीच. झोप येत नाही म्हणून विदुराला बोलावलं आणि विदुराने आधी हेच सांगितलं की झोप कुणाकुणाची उडते. त्या यादीत चोरसुद्धा आहे! अश्वत्थामा जागतो. युद्ध संपलंय, वडाखाली कृपाचार्य आणि कृतवर्मा दमून झोपलेत, आणि हा रागाने जागा आहे. घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारतं, ते त्याला दिसतं आणि मनात पाप शिरतं. कृपाचार्य त्याला समजावतात की आजची रात्र विश्रांती घे, सकाळी बघू. तो ऐकत नाही. पुढे झोपलेल्या छावणीत काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे.

तर मग जागणं हे पुण्य आहे का? अर्जुनही जागला, धृतराष्ट्रही जागला, अश्वत्थामाही जागला. जागेपणाला स्वतःचं असं पुण्य नाही. ते कशासाठी आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो, यावर सगळं.

पण मला सर्वांत जास्त हलवून गेला तो द्रोणपर्वातला प्रसंग. चौदाव्या दिवसाची लढाई सूर्यास्ताला थांबलीच नाही, रात्रीही सुरू राहिली. घटोत्कच पडला. मध्यरात्र उलटली. दोन्हीकडचे सैनिक झोपेने इतके आंधळे झाले की आपला कोण, परका कोण, कळेना. हातातली शस्त्रं गळायला लागली. तेव्हा मोठ्याने हाक कुणी दिली? अर्जुनाने. तो म्हणाला, तुम्ही सगळे थकला आहात, इथेच रणांगणावर थोडं झोपा, चंद्र उगवला की पुन्हा लढू. कौरवांनीही ते मानलं. कुणी घोड्यावर, कुणी हत्तीवर, कुणी जमिनीवर, जिथे होते तिथे झोपले. आणि शत्रूचे सैनिकसुद्धा झोपता झोपता अर्जुनाला आशीर्वाद देत होते.

मंडळी, मी हा प्रसंग पूर्वी वाचला होता. पण तो गुडाकेश या नावाशी जोडून कधी वाचला नव्हता. ज्याला स्वतःला झोप कमी लागते, त्याला दुसऱ्याची झोप दिसली. त्याने असं म्हटलं नाही की मी जागा आहे ना, मग तुम्हाला काय झालं? स्वतःचं माप त्याने दुसऱ्याला लावलं नाही. आपल्या माणसांना तर झोपू दिलंच, पण ज्यांना मारायला उभा होता त्यांनाही झोप दिली.

आणि मी? मला सख्ख्या धाकट्या भावाला झोपू देता आलं नाही.

युक्त या शब्दाचा अर्थ मला आता असा कळतो. युक्त म्हणजे जोडलेलं, ज्याचं त्याला बसणारं. भगवंतांनी आकडा सांगितलेला नाही, हे लक्षात घ्या. इतके घास, इतके तास, असं गीतेत कुठे नाही. सांगायचं असतं तर सांगता आलं असतं. आकडा सांगितला असता तर आम्ही तो लगेच एकमेकांच्या डोक्यात घातला असता. माऊलीही या ठिकाणी म्हणतात की झोपेलाही तिच्या वेळी मान द्यावा. ‘मान’ हा शब्द बघा किती सुंदर आहे! पाहुण्याला देतो तो मान. झोप दारात आली की तिला हाकलायचं नाही आणि आली म्हणून चार दिवस घरात बसवूनही ठेवायचं नाही. आणि हट्टाने भूक-झोप कोंडणाऱ्याबद्दल तर माऊली फार स्पष्ट बोलतात: त्याचं शरीरसुद्धा त्याच्या ताब्यात राहत नाही, मग योगाची गोष्ट कशाला? दुभाजकावर आदळलेली गाडी डोळ्यांपुढे आणा. शरीर ताब्यात नसणं म्हणजे काय ते कळेल.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, “अहो, हे वाचून पोरं दुपारपर्यंत लोळतील. समर्थांनी दासबोधात निद्रेवर एक सबंध समास लिहिलाय आणि झोपाळूंची काय फजिती केली आहे!” खरं आहे. अठराव्या दशकातला तो समास वाचताना हसू आवरत नाही. रात्री दोनपर्यंत मोबाइलवर रील बघायची आणि सकाळी म्हणायचं, “माझ्या शरीराची गरज आहे,” ही झोपेची गरज नव्हे. ती चोरी आहे, आणि चोरीचा माल झोपेच्याच घरातला आहे. सोळाव्या श्लोकात अति झोपणाराही दाराबाहेरच उभा आहे, हे मी विसरलेलो नाही.

पण मग ओळखायचं कसं? मला डॉक्टरांचा प्रश्न पुरेसा वाटतो. गजर नसताना, सुट्टीत, चार-आठ दिवस उलटल्यावर तू किती झोपतोस? ज्याला खरंच कमी पुरते, तो रविवारीही तेवढीच झोपतो. ज्याची थकबाकी आहे, त्याची रविवारी वसुली होते. आणि जो नऊ तास झोपून उठल्यावर दिवसभर मन लावून काम करतो, तो अति झोपत नाही, युक्त झोपतो. हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारायचा आहे. बापाने मुलाला टोमणा म्हणून विचारायचा नाही. तीन-चार तास जास्त झोपूनही सकाळी उठवत नसेल, किंवा झोपच लागत नसेल, तर वैद्याला दाखवावं. त्यात लाज कसली?

कुणी असंही विचारेल की मग जागरण करायचंच नाही का? वारीत, सप्ताहात, आजारी माणसाच्या उशाशी? तर पंढरीला बघा. आपल्या विठोबाची रोज रात्री शेजारती होते आणि पहाटे काकडा. देवालासुद्धा झोप आहे! आषाढी जवळ आली की मात्र देवाचा पलंग काढतात आणि लाखो लेकरांसाठी देव रात्रंदिवस उभा राहतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाला गरम पाण्याने स्नान, शिणवटा जावा म्हणून काढा, आणि पलंग परत जागेवर. प्रेमासाठी जागायचं, आणि मग शीण आलाय हे मान्य करून विसावायचं. आपल्या वडीलधाऱ्यांनी हे देवाच्याही बाबतीत इतक्या मायेने ठरवून ठेवलं आहे. आपण मात्र घरातल्या वीस वर्षांच्या लेकराला म्हणतो, “या वयात कसला रे शीण?”

अंगात रग असणं वाईट नाही. ती देणगी आहे. पण देणगीचा हिशेब गुणांच्या वहीत मांडला की गडबड होते. ज्याला जास्त शक्ती मिळाली त्याने जास्त कामं करावीत, पहाटे उठून इतरांचं पाणी भरून ठेवावं, रात्री आजाऱ्याजवळ बसावं. त्यासाठीच ती दिली असेल. पण तिची काठी करून झोपलेल्याला ढोसू नये. माझ्या हातून दोघांचं नुकसान झालं. भावाचं निंदेने आणि मुलाचं कौतुकाने. काठी एकच होती.

मुलगा आता बरा आहे. पथकात यंदाही गेला, मी अडवलं नाही. पण मधलं काहीतरी सोडून द्यायचं त्याचं त्यानेच ठरवलं आणि साधारण अकराला तो खोलीचा दिवा बंद करतो. कधी नाही करत. मी विचारत नाही.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. दुपारी तीनच्या सुमाराला वर्कशॉपवर पोचलो. कामावरचा मुलगा म्हणाला, “काका मागं हायत, उठवतो.” मी त्याला हातानेच थांबवलं. बाहेर उलट्या बादलीवर बसलो. तांब्याच्या तारांचा, वॉर्निशचा वास येत होता. आतून धाकट्याचं मंद घोरणं ऐकू येत होतं. लहानपणी हाच आवाज ऐकून मी त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढायचो. त्या दिवशी नामस्मरण करत पाऊण तास बसलो. खरं सांगतो, एवढं स्थिर ध्यान माझं आसनावरही क्वचितच लागलं असेल.

तो उठून बाहेर आला, मला बघून दचकला. म्हणाला, “दादा! कधी आलास? मी झोपलो नव्हतो रे, नुसता...”

मी म्हटलं, “झोपला होतास. चांगला झोपला होतास. मी ऐकत होतो.”

तो क्षणभर बघत राहिला. मग शेजारी दुसरी बादली उलटी करून बसला आणि पोराला म्हणाला, “दोन चहा सांग.”

माफी मागायचं मनात होतं. शब्द आले नाहीत. पण चहा येईपर्यंत आम्ही दोघं गप्प बसलो होतो, आणि ते बसणं मला बरं वाटलं.

आजचा संकल्प: आज घरातल्या कुणाला झोपेवरून नाव ठेवायचं नाही. ज्याला कमी झोप पुरते त्याने त्या जास्तीच्या वेळात दुसऱ्या कुणासाठी एक काम करावं. आणि ज्याची थकबाकी आहे, त्याने आज एक तास आधी दिवा मालवावा.

प्रार्थना: पांडुरंगा, तू दिलेली शक्ती तुझीच आहे, आणि तू दिलेली झोपही तुझीच. शक्तीचा मला ताठा नको आणि झोपेची मला लाज नको. माझ्या शेजारी जो दमलाय, तो मला दिसू दे.

उद्या अठरावा श्लोक. सगळीकडून आवरलेलं मन आत स्थिरावतं म्हणजे काय होतं, ते बघू. लवकर झोपा, मंडळी.

॥ राम कृष्ण हरी ॥